पहिल्या सालाची फटफटी

आमच्या ह्यांना फटफटीचं वेड लागलं तेव्हा आम्ही नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो. गेलो म्हणजे हललो कुठेच नाही. जिंतुरातच होतो, त्याच दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, त्याच गळक्या न्हाणीसकट. हैदराबाद राज्य मोडलं, आमचे जिल्हे मुंबईला जोडले आणि जनावरांच्या दवाखान्यावरची पाटी नव्याने रंगवली गेली. रंगारी जुनाच असल्यामुळे चुकाही जुन्याच राहिल्या.

हे त्या दवाखान्याचे डॉक्टर. म्हातारी माणसं त्यांना अजून जुन्या राज्यातल्या शब्दाने सलोतरी म्हणत, तरणी माणसं डागदर म्हणत. मी मनात काय म्हणत असे ते त्या आठवड्यात त्यांनी काय दिवे लावले यावर ठरायचं.

फिरतीसाठी त्यांच्याकडे एक घोडी होती. तांबडी, उंचीला बेताची आणि नाकावर कायम राग. तिला दोन सवयी होत्या. वाटेत ओढा आला की थांबून पाणी प्यायचं, मग तहान असो वा नसो. आणि खाकी कपडा दिसला की चावायचं. तहसीलच्या दोन चपराशांच्या दंडावर तिच्या दातांची मोहोर होती. तिसरा चपरासी आमच्या दारावरून जाताना सदरा काढून काखेत घ्यायचा. मला ती कधी चावली नाही, त्यामुळे ती अकलेने घरातल्या बऱ्याच जणांपेक्षा वरचढ आहे असं माझं मत होतं. घरात आम्ही दोघंच होतो.

फटफटीच्या वेडामागे एक मेंढपाळ होता. येलदरीच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याला त्याचा मेंढवाडा. साठी उलटलेला, खांद्यावर घोंगडं, आणि बोलणं इतकं बेतानं की शब्द उसने आणून वापरतो की काय असं वाटावं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कळपात देवी आल्या. माणसाला येतात तशा मेंढरांनाही देवी येतात. अंगावर फोड, ताप, आणि एकीची दुसरीला. सांगावा आला तसे हे अर्ध्या जेवणावरून उठले, लशीचा थर्मास गळ्यात अडकवून घोडीवर बसले. घोडी वाटेतल्या तिन्ही ओढ्यांवर पाणी प्यायली. हे पोचले तेव्हा निम्मा कळप आडवा झाला होता. उरलेल्या मेंढरांना लस टोचून परत आले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

"अर्धा दिवस आधी पोचलो असतो तर," हे वाक्य तेव्हा आमच्या घरात शिरलं ते मुक्कामालाच राहिलं. दाढी करताना निघायचं, पानावर बसल्यावर निघायचं. तो म्हातारा पुढे दर बाजाराला आमच्या ओट्यावर टेकायचा, चहा प्यायचा आणि त्या मेंढरांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. हे त्याच्याकडे सरळ बघायचे नाहीत. मला ह्यांची कीव यायची. पण कीव आली की माझा आवाज चढतो, त्यामुळे ह्यांना ती कधी कळली नसावी.

तर, लवकर पोचायचं म्हणून फटफटी. त्यात एका कंपनीने जुन्या फटफटीची सगळी घडण बदलून, कच्च्या रस्त्यांसाठी म्हणून नवीन बाजारात आणली होती. जुनी आम्हाला ठाऊक होती. येलदरीला धरणाचं काम निघालं होतं, तिथल्या एका ओव्हरसियरकडे ती होती. पुढे उघड्या स्प्रिंगा, मागे नुसतं लोखंड, मागच्या माणसाने बसायचं ते कॅरिअरवर गोधडीची घडी टाकून. ओव्हरसियरच्या बायकोने एकदा तिच्यावरून जिंतूरपर्यंत प्रवास केला आणि पुढचे तीन दिवस ती पालथी झोपून होती. नव्या फटफटीला पुढे धक्के पिणारे तेलाचे दांडे होते, मागेही स्प्रिंगा होत्या. ओढ्याचं पाणी शिरू नये म्हणून धुराचं नळकांडं उचलून वर घेतलं होतं. मडगार्ड रुंद, खोल, चाकाला अगदी लगटून. आणि सीट होती लांब, अखंड, दोघांची मिळून एक.

त्या सीटवर माझा जीव जडला. उगाच खोटं कशाला बोलू? माझं माहेर पूर्णेला. जायचं म्हणजे परभणीपर्यंत मोटार, तिथून रेल्वे, आणि दोन्हीकडे पोतं असल्यासारखं कोंबून घ्यायचं. त्याऐवजी लांब सीटवर एका बाजूला पाय सोडून बसलेली मी जंक्शनातल्या रेल्वेच्या क्वार्टरांसमोर उतरते आहे, आणि लहानपणापासून माझ्या नाकाला हसणाऱ्या शेजारणी दारात आल्या आहेत, असं चित्र मी कपडे धुताना, भाकरी थापताना बघायला लागले. मेंढरं माझ्या चित्रात कुठेच नव्हती.

ह्यांचा मात्र निर्णय होईना. पहिल्याच सालची चीज, घ्यावी की वर्षभर थांबावं? सकाळी घ्यायची, संध्याकाळी थांबायचं. शेवटी म्हणाले, "तुझ्या वडिलांना विचार. यंत्रातलं त्यांना कळतं." माझे वडील पूर्णेच्या इंजिन शेडमध्ये फिटर. मी कार्ड टाकलं. आठवड्यात उत्तर आलं: "नवीन नमुन्याचं इंजिन आलं की पहिलं वर्षभर आम्ही मालगाडीला लावतो. माल तक्रार करत नाही. जावईबापूंना सांग, एक पावसाळा जाऊ द्या."

मी कार्ड दोनदा वाचलं आणि ज्वारीच्या डब्यात तळाशी खुपसलं. ह्यांना सांगितलं, "वडील म्हणतात, मनाला पटली तर खुशाल घ्या."

बाजाराच्या दिवशी कंपनीचा एजंट परभणीहून ती फटफटी घेऊनच आला. लिंबाखाली उभी केली तेव्हा बाजारातली निम्मी माणसं वांगी-मिरच्या तशाच टाकून जमली. एजंट गुळगुळीत बोलणारा. ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त माहिती देत होता, म्हणजे धंद्यात मुरलेला असणार. म्हातारा मेंढपाळही आला होता. त्याने फटफटीला एक चक्कर मारली. दिवा बघितला नाही, सीट बघितली नाही. मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि चाक न् मडगार्डाच्या मधे मूठ घालायला लागला. मूठ जाईना. मग चार बोटं जुळवून बघितली. शेवटी एक बोट गेलं.

"मधी जागाच न्हाई की," तो म्हणाला.

"मुद्दाम ठेवलेली नाही, आजोबा," एजंट म्हणाला. "अंगावर चिखल उडू नये म्हणून."

"उडत न्हाई म्हंता. मंग चिखल जातो कुठं?"

लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसले.

म्हातारा गुडघ्यावर हात देऊन उठला आणि ह्यांना म्हणाला, "सायब, मेंढा घ्यायचा तर आमी त्याची पिल्लं बघून घेतो. पिल्लं नसली तर येक पावसाळा आपल्या कळपात चारतो, मंग सौदा. याची लेकरं कुठं हायत?"

"पुढच्या सालापर्यंत होतील," एजंट डोळा मारून म्हणाला.

"मंग फुडल्या साली बघू."

ह्यांचा चेहरा पडला. माझ्या डोळ्यांसमोरून पूर्णेच्या शेजारणी घरात परत जायला लागल्या, आणि मी भर बाजारात बोलले, "मामा, तुम्ही तुमची मेंढरं सांभाळा. फटफटीचं आम्ही बघतो." म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं, घोंगडं सारखं केलं आणि काठी उचलून गेला. मला तेव्हाच वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

एजंटने आठ दिवस फटफटी आमच्या दारात ठेवली. पुढच्या बाजाराला होय की नाही ते सांगायचं. फटफटी यायची तर घोडी जायला हवी, म्हणून मोटार अड्ड्यावरच्या टांगेवाल्याने त्याच आठवड्यात घोडी पारखायला नेली. घोडी आठ दिवस वापरून मग घ्यायची ही रीत तालुक्यात सगळ्यांना मान्य होती. तिच्यावर कोणी हसलं नाही.

पाऊस आठ-दहा दिवस उघडला होता. हे सडकेवरून फेऱ्या मारायचे आणि परत आले की दहा वर्षांनी तरुण दिसायचे. फटफटी गोड चालत होती, यात वाद नाही. मीही दोनदा बसले. दुसऱ्या वेळी मुद्दाम तहसीलपुढून नेलं. मग चौथ्या दिवशी पाऊस आला आणि दोन दिवस पडत राहिला. तो थांबला त्या सकाळी म्हातारा दारात उभा. गुडघ्यापर्यंत चिखल.

"येका मेंढीच्या तोंडावर फोड हायत," तो म्हणाला. "काल सांजच्याला दिसले."

हे ताडकन उठले. थर्मासमध्ये लस भरताना झाकण दोनदा खाली पडलं. म्हाताऱ्याला म्हणाले, "बसा मागं, लगेच पोचू." म्हाताऱ्याने मान हलवली. "तुमी व्हा फुडं. मी पायी येतो." तो निघून गेला आणि त्याची जागा मी घेतली. थर्मास धरायला कोणीतरी हवं, असं मी म्हणाले. थर्मासला गळ्यात अडकवायचा पट्टा होता, हे दोघांपैकी कोणालाच आठवलं नाही.

सडकेवर आम्ही म्हाताऱ्याला गाठलं. हे जोरात हॉर्न वाजवून पुढे गेले आणि मी थर्मास हलवून त्याला निरोप दिला. मैलभर पुढे सडक सोडून गाडीवाटेला लागलो. दोन्ही बाजूंना काळी रानं, दोन दिवस पाऊस पिऊन तट्ट फुगलेली. आमच्याकडची ती माती ज्यांनी तुडवली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. ती पायाला लागत नाही, पायावर चढते. दहा पावलांत चपलेचं वजन शेरभर होतं.

पन्नास-साठ हात फटफटी गेली. मग मागून वेगळाच आवाज यायला लागला. म्हाताऱ्याने विचारलं होतं ना, चिखल जातो कुठं? तो मडगार्डात जात होता. जागा नव्हती तरी जात होता, आणि वाटेतलं गवत, काटक्या सोबत घेऊन ठासून बसत होता. थोड्या वेळाने चाक फिरेना, नुसतं घसरत राहिलं. मग तेही थांबलं.

ह्यांनी बाभळीच्या काटकीने टोकरलं. काटकी मोडली. मी थर्मासच्या झाकणाने टोकरलं. दोन मुठी माती निघाली, चाक अर्धा फेरा फिरलं आणि पुन्हा गच्च झालं. मडगार्डच काढू म्हणून हे खाली वाकले, तर त्याचे बोल्ट सीटखाली. सीट काढावी तर तिचा एक बोल्ट उचलून घेतलेल्या त्या नळकांड्यामागे. आणि नळकांडं असं तापलेलं की त्याच्यावर भाकरी भाजावी. जुन्या फटफटीचं मडगार्ड ओव्हरसियरने पहिल्याच पावसात दोन बोल्ट काढून गोठ्यात टांगलं होतं, हे मला तिथे आठवलं. माझ्या त्या लाडक्या अखंड सीटनेच वाट अडवली होती.

हे वाटेच्या कडेला चिखलातच बसले. "पुन्हा उशीर," म्हणाले. "पुन्हा तेच." आणि हा एवढा बाप्या माणूस तोंड झाकून रडायला लागला. मला ज्वारीच्या डब्यातलं कार्ड आठवलं. त्या क्षणी कोणी मला चिखलात गाडलं असतं तर मी हरकत घेतली नसती.

इतक्यात मागून म्हातारा आला. फटफटीकडे त्याने एकदा बघितलं. मी वाट बघत होते, आता बोलेल. तो फटफटीबद्दल बोललाच नाही. ह्यांच्यासमोर बसला.

"सायब, येक सांगू? त्या साली तुमी उशिरा न्हाई आलाव."

ह्यांनी तोंडावरचा हात काढला.

"मेंढराला देवी आली की आमी भाईर बोलत न्हाई. वाड्याला लिंबाचे डहाळे बांधायचे, पाणी शिंपडायचं अन् पाच दिस गप बसायचं. भाईर सांगितलं की देवी कोपती म्हंतेत. म्या गप बसलो. पाचव्या दिशी निम्मा कळप पडला, तवा तुमाला सांगावा धाडला. तुमी घोडीवर नाय, इमानात बसून आला असता तरी काय करणार व्हता?"

"दोन वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच होता.

"लाज वाटायलती, माय," तो म्हणाला. "माझ्या चुकीपायी सायबानं अन्न टाकलं, हे कानावर आलं व्हतं. दर बाजारी सांगायचं म्हणून यायचो. च्या पिऊन जायचो." मग ह्यांना म्हणाला, "आज पयल्याच दिशी आलोय. देवी कोपंल म्हणून घरचं माणूस बोलंना झालंय माझ्याशी. आता उठा. हितून चालत तासाभराची वाट हाय."

हे उठले. म्हाताऱ्याने माझ्या हातातून थर्मास घेतला, पट्टा ह्यांच्या गळ्यात अडकवला आणि दोघं चपला हातात घेऊन रान तुडवत निघाले. ह्यांच्या पाठीचा ताठा मला लांबून दिसत होता. दोन वर्षांत तो दिसला नव्हता.

मला फटफटी राखायला ठेवलं. तिला कोण नेणार होतं? ती स्वतः जात नव्हती. दिवसभर मी त्या लांब सीटवर एका बाजूला पाय सोडून बसले, अगदी चित्रातल्यासारखी, फक्त पूर्णेऐवजी चिखलात. खुरपायला निघालेल्या बायका थांबून बघत होत्या. एकीने विचारलं, "इकायला बसलाव का माय?" मी म्हटलं, "फुकट देते, न्या." तिने मागचं चाक बघितलं आणि म्हणाली, "नगं बाई."

दिवस कलताना हे मेंढवाड्यावरचे दोन बैल घेऊन परत आले. चाकं फिरत नव्हती, त्यामुळे फटफटी वखरासारखी ओढत सडकेपर्यंत आणावी लागली. बैलांना नक्कीच वाटलं असणार की पेरणीची नवी पद्धत निघाली आहे. लागण झालेल्या मेंढ्या वेगळ्या काढून बाकी सगळ्या कळपाला ह्यांनी लस टोचली होती. पुढे तीन मेंढ्या दगावल्या. कळप उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्वारीच्या डब्यातून कार्ड काढलं आणि ह्यांच्या चहाच्या बशीशेजारी ठेवलं. ह्यांनी वाचलं, तारीख बघितली, पुन्हा वाचलं. मी बोलणी खायच्या तयारीने पदर खोचून उभी होते.

"माल तक्रार करत नाही," हे म्हणाले. "मग काल घरी येईपर्यंत माझे कान कोणी खाल्ले?"

आणि हसायला लागले. बशीतला चहा सांडेपर्यंत हसले. दोन वर्षांत त्या घरात असा आवाज झाला नव्हता. मी हसता हसता रडले आणि चहा सांडल्याचा राग आल्याचं सोंग केलं.

त्याच दुपारी टांगेवाला घोडी परत घेऊन आला. दंडाला फडकं बांधलेलं. बिचाऱ्याने खाकी सदरा घातला होता. परीक्षेत घोडी नापास झाली आणि आमच्या दाराशी येऊन, काही झालंच नाही अशा तोऱ्यात कडबा खायला लागली. पुढच्या बाजाराला एजंट आला. मडगार्डातली माती तोवर वाळून वीट झाली होती, ती त्याला पहारीने फोडावी लागली. "दोष गाडीचा नाही, या मातीचा आहे," तो म्हणाला. ह्यांनी त्याला सांगितलं की माती बदलून मिळेपर्यंत आम्ही थांबतो.

पुढच्या साली तो पुन्हा आला. फटफटी तीच, पण मडगार्ड चाकापासून चांगलं वर उचललेलं आणि दोन बोल्टांवर सुटणारं. सीट लांबच होती. "वहिनी, घाला मूठ," तो हसून म्हणाला. मी म्हटलं, "मूठ ज्याची त्यानेच घालावी," आणि भर बाजारातून म्हाताऱ्याला शोधून आणलं. आदल्या साली जे बोलले होते त्याबद्दल चार माणसांत माफी मागितली. तो म्हणाला, "कवा बोललाव? मला कायबी याद न्हाई." मग चाकाशी बसला, मनगटापर्यंत हात आत घातला आणि फिरवून बघितला.

"लेकरू बरं निपजलं," तो म्हणाला. "घ्या."

घेतली. घोडीही ठेवली. पावसाळ्यात ती, उन्हाळ्यात फटफटी. पूर्णेलाही गेले एकदा. शेजारणींची बदली झाली होती.

कचेरीतले साहेब लोक पुढे कौतुकाने सांगायचे की डॉक्टरांनी फटफटी घेतल्यापासून देवीची साथ वेळीच आवरते. ह्यांनी कधी ते खोडून काढलं नाही, आणि मीही नाही. म्हातारा ओट्यावर असला तर चहाच्या बशीत बघत बसायचा. त्या चिखलाच्या सालीच आजूबाजूच्या मेंढवाड्यांवर जाऊन, आपल्या गप्प बसण्याची गोष्ट त्याने स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगितली होती. पहिल्याच दिवशी सांगावे यायला लागले ते तेव्हापासून. आम्ही फटफटी घ्यायच्या वर्षभर आधी, घोडी अजून प्रत्येक ओढ्यावर पाणी पीत होती तेव्हा.